बुद्धिबळाच्या पटावरचे दाणे आणि माझी दोनशे पानी वही

मागच्या दिवाळीत भाऊ-वहिनी पोरांना घेऊन आले होते, सांगलीला आमच्याकडे. सांगलीत बुद्धिबळाचं वेड जुनं, भाऊसाहेब पडसलगीकरांच्या काळापासूनचं, त्यामुळे घरात पट असतोच. सहावीतला भाचा पट मांडून बसला होता आणि आमच्या ह्यांनी त्याला ती गोष्ट सांगितली, सगळ्यांना माहिती असलेली. पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत चौसष्ट घरं भरायची आणि मग राजाचं कोठार रिकामं. पोरगं म्हणालं, मग एकूण दाणे किती? मी म्हटलं, खूप. तर म्हणतो, खूप म्हणजे किती गं आत्या?

आता एकतीस वर्षं पतसंस्थेत अकाउंट्सला काढली मी, मला "खूप" असं उत्तर शोभत नाही. मोबाईलवर करून बघितलं तर १.८४४६७४ आणि पुढे ई १९, म्हणजे त्यानेही हात वर केले. मग एक्सेल उघडलं, रकान्याची रुंदी वाढवली, तर तिथे आलं १८४४६७४४०७३७०९६०००००. भाचा लगेच, याला १० ने भाग जातो! मी म्हटलं शक्यच नाही रे, पहिल्या घरात एक दाणा आहे आणि बाकी सगळ्या घरांत सम दाणे, बेरीज विषमच यायला पाहिजे. तेव्हा कळलं की एक्सेल पहिले १५ अंकच धरून ठेवतं आणि पुढे शून्यं भरून मोकळं होतं. इतकी वर्षं त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला, पण १५ अंकांच्या वरची ठेव आमच्याकडे कुणी ठेवलीच नाही म्हणून कधी उघडं पडलं नाही.

गुगल केलं असतं तर दोन सेकंदात आकडा मिळाला असता, माहितीये मला. पण डोक्यात किडा वळवळला. म्हटलं वहीतच करायचं.

एक बरं आहे, चौसष्ट घरांची बेरीज मारत बसावी लागत नाही. १ आणि २ मिळून ३, पुढचं घर ४. १, २, ४ मिळून ७, पुढचं घर ८. म्हणजे मागच्या सगळ्यांची बेरीज पुढच्या घरापेक्षा नेहमी एकने कमी. तेव्हा पासष्टावं घर असतं तर त्यात जेवढे दाणे पडले असते त्यातून एक काढायचा, झालं. म्हणजे २ चा ६४ वा घात वजा १. चौसष्ट वेळा दुप्पट करायचं फक्त, त्यात काय अवघड, असं वाटलं.

अवघड काही नाही, पण चुका होतात. म्हणून प्रत्येक ओळीला नवाचा ताळा घ्यायला लागले, जुनी सवय. अंकांची बेरीज, पुन्हा बेरीज, एक अंक येईपर्यंत. आणि ताळे ओळीने बघितले तर २, ४, ८, ७, ५, १, पुन्हा २, ४, ८, ७, ५, १. सहाचं चक्र. ३, ६ आणि ९ कधी येतच नाहीत, येणार कसे, नुसत्या दोनांच्या गुणाकाराला ३ ने भाग जात नाही. या चक्राने मला ४४ व्या ओळीला वाचवलं. ४३ वी ओळ होती ८७९६०९३०२२२०८, तिची दुप्पट मी लिहिली १७५९२१८६०४४४०६ आणि ताळा आला ३. तीन! शेवटच्या आठ दुणे सोळाचा हातचा राहिला होता, ४१६ च्या जागी ४०६. दुरुस्त केलं, ताळा ४, पुढे चालू.

शेवटची ओळ आली तेव्हा रात्रीचे साडेबारा. ताळा बरोबर. पण एका ताळ्यावर पुस्तकं बंद करायची नसतात, म्हणून दुसऱ्या दिवशी वेगळ्या वाटेने केलं: ३२ वी ओळ, म्हणजे ४२९४९६७२९६, तिला तिनेच गुणलं. दहा अंकी गुणिले दहा अंकी, पान आडवं धरून. आणि जुळेना! ३४ कोटी ५६ लाखांचा फरक.

तेरीज, म्हणजे जमा-नावेची बेरीज, जुळली नाही की आमच्या खात्यात पहिली गोष्ट करायचो ती म्हणजे फरकाला ९ ने भाग जातो का बघायचं. गेला तर कुणीतरी दोन अंक उलटे लिहिलेत, १७ चे ७१ नाहीतर ५८ चे ८५. असा फरक नेहमी नवाच्या पटीत असतो आणि म्हणूनच नवाच्या ताळ्याला तो दिसत नाही. इथेही ९ ने भाग गेला. मग मी उलटी निघाले. शेवटच्या ओळीत फरक ३४ कोटी ५६ लाख, म्हणजे तिच्या आधीच्या ओळीत निम्मा, १७ कोटी २८ लाख, त्याच्या आधी ८ कोटी ६४ लाख, मग ४ कोटी ३२, २ कोटी १६, १ कोटी ८ लाख, ५४ लाख, २७ लाख. शेजारचे दोन अंक उलटे झाले तर फरक ९ च्या पाढ्यातलाच असतो, ९ ते ८१, पुढे शून्यं. १०८ त्यात बसत नाही, ५४ बसतं, २७ पण बसतं, आणि २७ च्या मागे गेलं की साडेतेरा लाख, तेही बसत नाही. म्हणजे संशयित दोनच ओळी, ५८ वी आणि ५७ वी. ५८ वीत सापडलं, २८८२३०३७६१५१७११७४४ च्या जागी मी १७ चे ७१ केले होते. काय आनंद झाला सांगू! ऑडिटच्या आदल्या रात्री रुपयाचा फरक सापडल्यावर व्हायचा तसा.

तर आकडा हा: १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. वीस अंकी. भाचा म्हणाला आता वाचून दाखव. आपल्याकडे नावं आहेत की, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. पण भास्कराचार्यांची यादी परार्धाला, म्हणजे अठराव्या स्थानाला संपते आणि आपला आकडा दोन घरं पुढे जातो, म्हणून १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, निखर्व एकही नाही, ७ खर्व, ३ अब्ज, ७० कोटी, ९५ लाख, ५१ हजार ६१५. ह्यांनी काट्यावर गहू तोलला, हजार दाण्यांचे साधारण ४० ग्रॅम धरून हिशोब केला, तर ७३ हजार कोटी टनांच्या वर गेला. जगात सध्या वर्षाला ८० कोटी टनांच्या आसपास गहू पिकतो, म्हणजे नऊशे वर्षांचं पीक. भाच्याचं समाधान झालं, तो फटाके उडवायला गेला, त्याच्यापुरता विषय संपला.

माझा नाही संपला. मला वाटलं याला कशाकशाने भाग जातो ते बघावं.

अंकांची बेरीज ८७, म्हणजे ३ ने जातो, ९ ने नाही. शेवटी ५, म्हणजे ५ ने जातो. दोन्ही काढून टाकल्यावर उरलं १२२९७८२९३८२४७३०३४४१. पुन्हा ३ आणि ५ लागत नाहीत. ७ नाही, ११ नाही, १३ नाही, १७ ने गेला! उरलं ७२३४०१७२८३८०७६६७३. मग मी पेटलेच. १९, नाही. २३, नाही. २९, ३१, ३७... प्रत्येक वेळी सतरा अंकी भागाकार. रोज जेवणं झाल्यावर चार-पाच. भाऊ-वहिनी परत गेले, दिवाळी संपली, तुळशीचं लग्न झालं, मी आपली भागतेय. १०१ नाही, १०३ नाही. हे म्हणायचे, पगार कोण देतंय तुला याचा? १९ पासून २५१ पर्यंत ४७ मूळ संख्या आहेत, सत्तेचाळीस भागाकार, सगळ्यांना बाकी. बाकी ० यायची वाट बघून बघून माणूस रडकुंडीला येतो, दोनतीनदा तर मुद्दाम चुकीचं करून ० आणावं असं वाटलं. आणि मग २५७. पूर्ण भाग गेला! रात्री अकरा वाजता मी स्वयंपाकघरात जाऊन साखर खाल्ली.

त्याच आठवड्यात भावाची मोठी, सई, पुण्याहून आली. ती बीएस्सी मॅथ्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला वही दाखवली, तिने पानं उलटली, एक एक भागाकार बघितला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, आत्या, ए स्क्वेअर मायनस बी स्क्वेअर नववीत होतं ना गं तुला?

मला काही सेकंद कळलंच नाही. मग कळलं आणि बसलेल्या खुर्चीतच विरघळले. ६४ वा घात म्हणजे ३२ व्या घाताचा वर्ग. त्यातून १ वजा, म्हणजे १ चा वर्ग वजा. म्हणजे ३२ वा घात अधिक १ गुणिले ३२ वा घात वजा १. आणि तो वजावाला पुन्हा फुटतो, १६ वा अधिक १, १६ वा वजा १, तो पुन्हा फुटतो, असं करत खालपर्यंत. सई म्हणाली साध्या आकड्यांत बघ, ९९९९९९९९ म्हणजे ९९९९ गुणिले १०००१, तसंच हे. दोन ओळीत उत्तर: ३ गुणिले ५ गुणिले १७ गुणिले २५७ गुणिले ६५५३७ गुणिले ४२९४९६७२९७. ही माझी दोन आठवड्यांची मेहनत, तिने पेन पण नीट धरलं नव्हतं हातात. आणि मी माझ्या पद्धतीने पुढे गेले असते तर २५७ नंतर ६५५३७ येईपर्यंत मध्ये आणखी साडेसहा हजार मूळ संख्या आहेत, रोज दहा भागाकार केले तरी पावणेदोन वर्षं.

मी चिडून विचारलं, मग त्या ४७ पैकी एकाने पण का नाही भाग गेला, एखाद्याने तरी जायला काय हरकत होती? आणि इथे खरी मजा आली, कारण उत्तर माझ्याच वहीत होतं. ते ताळ्यांचं चक्र. सई म्हणाली ९ च्या जागी कुठलीही विषम मूळ संख्या घे, दुप्पट करत जा आणि बाकी लिहीत जा, कधीतरी १ येणार आणि चक्र पुन्हा सुरू. ७ घेतला तर २, ४, १, तीनाचं चक्र. १९ घेतला तर अठराचं. आपल्या आकड्याला भाग जायचा म्हणजे चौसष्टाव्या दुपटीला बाकी बरोबर १ यायला पाहिजे, म्हणजे ६४ मध्ये चक्रं पूर्ण बसली पाहिजेत. ३ चं चक्र दोनाचं, ५ चं चाराचं, १७ चं आठाचं, २५७ चं सोळाचं, ६५५३७ चं बत्तीसाचं. सगळी ६४ ला पुरी पडणारी. १९ चं अठराचं चक्र ६४ मध्ये कसं बसणार? ते सत्तेचाळीस बिचारे आधीच बाद होते, मी उगाच एकेकाची मुलाखत घेत बसले.

आता राहिला शेवटचा, ४२९४९६७२९७. मला वाटलं हाही मूळच असणार. ३, ५, १७, २५७, ६५५३७, ओळीने सगळे मूळ, मग सहावा का नसावा? सई हसली, म्हणाली फर्मालाही असंच वाटलं होतं. १६४० ची गोष्ट, फ्रान्समधला कायद्याच्या पेशातला माणूस, गणित हौस म्हणून करायचा. त्याने पत्रात लिहून टाकलं की या जातीचे सगळे आकडे मूळ असावेत असं त्याला वाटतं. (मला जरा बरं वाटलं, तोही नोकरी सांभाळून वह्या भरणाराच.) १७३२ मध्ये ऑयलर नावाच्या गणितज्ञाने दाखवलं की सहावा फुटतो. कशाने ते सांगू नकोस म्हटलं सईला, मी काढते.

पण या वेळी अक्कल वापरून. ३ पासून ६५५३७ पर्यंतच्या त्या पाच अवयवांची चक्रं ३२ पर्यंत संपतात, आता याला जो भाग देईल त्याचं चक्र बरोबर ६४ चं पाहिजे, कारण ३२ व्या दुपटीला बाकी १ नाही, उणे १ येते, म्हणजे पूर्ण भाग जायला एक कमी. आणि मूळ संख्येचं चक्र तिच्यापेक्षा एकने कमी असलेल्या आकड्याला नेहमी पूर्ण भाग देतं, हा नियम पण फर्माचाच. १९ ला १८, ७ ला ६ चे निम्मे ३, बघा जुळतंय. म्हणजे शोधायची संख्या ६४ च्या पाढ्यात एक मिळवून येणारी पाहिजे. ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१... यातल्या मूळ तेवढ्याच घ्यायच्या. १९३ ने भागलं, बाकी १०९. २५७ चं चक्र सोळाचं हे आधीच माहीत, सोडला. ४४९, बाकी ३२५. ५७७, बाकी २८८. ६४१...

गेला. चौथ्या भागाकाराला. ६७००४१७, बाकी शून्य. सत्तेचाळीस ओझी वाहिल्यावर चौथ्यालाच! मी सईकडे बघितलं, ती मोबाईल बघत असल्यासारखं करत होती पण तिचंही लक्ष वहीतच होतं.

मग तिने एक भागाकाराशिवायची सिद्धता दाखवली ती तर दागिन्यासारखी आहे. ६४१ म्हणजे ६४० अधिक १, म्हणजे ५ गुणिले १२८ अधिक १. आणि ६४१ म्हणजेच ६२५ अधिक १६, म्हणजे ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. पहिल्यावरून ६४१ च्या हिशोबात, म्हणजे ६४१ ने भागून नुसती बाकी बघितली तर, ५ गुणिले २ चा ७ वा घात म्हणजे उणे १. त्याचा चौथा घात केला की ५ चा चौथा गुणिले २ चा २८ वा म्हणजे १. दुसऱ्यावरून ५ चा चौथा म्हणजे उणे १६. ते घातलं की उणे २ चा ३२ वा म्हणजे १, म्हणजेच ३२ वा घात अधिक १ म्हणजे शून्य. संपलं. मी हे तीन वेळा लिहून काढलं तेव्हा पचलं, तुम्हीही लिहून बघा, वाचून कळत नाही.

६७००४१७ मूळ आहे का तेही बघायला पाहिजे ना. वर्गमूळ २५८८ च्या जरा वर, तिथपर्यंतच बघायचं. इथे आणखी सवलत मिळते, १८७८ मध्ये ल्यूका नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने दाखवलं की ६४ नाही, १२८ च्या पाढ्यात एक मिळवूनच बघायचं. (हाच तो ल्यूका ज्याने हनोईच्या मनोऱ्याचा खेळ काढला, त्यातही ६४ चकत्या हलवायला आपल्याच आकड्याइतक्या चाली लागतात, सेकंदाला एक धरली तरी ५८ हजार कोटी वर्षं.) मग उरतात फक्त २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९. बाक्या आल्या १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. मूळ आहे. ६५५३७ पण तपासला, तिथे ३२ च्या पाढ्यावरून ९७ आणि १९३ दोनच उमेदवार, बाक्या ६२ आणि ११०. तोही पक्का.

तर शेवटच्या पानावर असं आहे: ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७. सात मूळ अवयव, प्रत्येक एकदाच, म्हणून त्या वीस अंकी आकड्याला १ आणि तो स्वतः धरून बरोबर १२८ संख्यांनी भाग जातो. १२८ म्हणजे पुन्हा दोनांचाच सातवा घात, पटावरचं आठवं घर! पहिल्या ओळीचं शेवटचं. यात काही गूढ नाही, प्रत्येक अवयव घ्यायचा किंवा नाही असे सात वेळा दोन पर्याय, पण मला ते बघून गंमत वाटली. सगळे सात पुन्हा गुणून मूळ आकडा आला का तेही बघितलं, दोन रात्री लागल्या, जुळला. ह्या वेळी पहिल्या झटक्यात.

सई जाताना दारात चपला घालता घालता म्हणाली, आत्या, त्या आकड्यात फक्त २ मिळव, म्हणजे शेवटी १५ च्या जागी १७, तो पण फुटतो. कसा ते तू काढ. तो ६४ वा घात अधिक १, फर्माच्या ओळीतला सातवा, इथे वजाबाकीची युक्ती चालत नाही. ल्यूकाच्या नियमाने २५६ च्या पाढ्यात एक मिळवून जायचं. मी २५७ सोडला, ७६९ ने सुरुवात केली आणि शंभराव्या पाढ्यापर्यंत गेले, काही नाही. मग न राहवून उत्तर बघितलं. लांद्री नावाच्या फ्रेंच माणसाने १८८० मध्ये दिलेलं, २७४१७७ गुणिले ६७२८०४२१३१०७२१. २७४१७७ म्हणजे २५६ चा एक हजार एकाहत्तरावा पाढा अधिक १. मी शंभरावर होते.

ह्यांनी नवी वही आणून ठेवलीये टेबलावर, काही न बोलता. किराणाच्या यादीसाठी असेल कदाचित.